किराण्याच्या यादीतून रंगपेटी

२५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. किराणा, दूध, भाजी आणि मेडिकल चालू, बाकी सगळ्याला कुलूप. रंगांची दुकानं त्या ‘बाकी सगळ्या’त गेली. ऑनलाइन मागवावं म्हटलं तर तिथेही बराच काळ फक्त जीवनावश्यक वस्तूच मिळत होत्या. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात कडक निर्बंध आले आणि पुन्हा तीच वेळ आली.

घरात अडकलेल्या चित्रकाराचं काम थांबतं ते बहुतेक वेळा कल्पना आटल्यामुळे थांबत नाही, हात आखडल्यामुळे थांबतं. ट्यूब संपत आली की रंग जपून वापरला जातो. जपून लावलेला रंग कागदावर भित्रा दिसतो. चित्र मनासारखं होत नाही, आणि दोन दिवसांनी वही मिटून कपाटात जाते. यावर मला एकच खात्रीचा उपाय माहीत आहे. रंग स्वतः करायचा, आणि तोही वाटीभर. वाटीभर रंग समोर असला की हात आपोआप सुटतो. शिवाय रंग करणं हे स्वतःच एक काम आहे. त्याला रोज थोडा वेळ द्यावा लागतो, रात्रभर काहीतरी भिजत असतं, सकाळी उठून ते बघावं लागतं. सगळे वार सारखे झालेल्या दिवसांत या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

खाली जे लिहिलंय ते सगळं किराणा, पूजेचं साहित्य, मेडिकल आणि आपलं स्वयंपाकघर एवढ्यातूनच मिळतं.

आधी डिंक

जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि डिंकाचं पाणी. बाजारातल्या महागड्या ट्यूबमध्येही मुळात हेच असतं. डिंक रात्रभर भिजावा लागतो, म्हणून सुरुवात इथून.

लाडवाचा डिंक चालतो, पण तो कोणत्या झाडाचा आहे हे बघून घ्या. बाभळीचा डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो आणि मधासारखा पाक होतो. धावड्याचा डिंक बराचसा विरघळतो, थोडी जेलीसारखी साय उरते; ती गाळून टाकली की तोही उत्तम. गोंद कतीरा मात्र अजिबात उपयोगाचा नाही. तो विरघळतच नाही, नुसता फुगतो आणि ताटलीभर थलथलीत गोळा होतो. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे एक खडा अर्ध्या वाटी पाण्यात रात्रभर टाकून ठेवायचा. सकाळी खडा नाहीसा होऊन पाणी चिकट झालं असेल तर डिंक कामाचा. खडा लिंबाएवढा फुगला असेल तर तो सरबतासाठी ठेवा.

५० ग्रॅम डिंक जाडसर कुटा. बारीक पूड केली तर पाण्यात गुठळ्या होतात. १०० मिली गरम पाणी ओतून झाकून ठेवा. सकाळी न विरघळलेला भाग दिसला तर वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हलवा. थेट गॅसवर ठेवू नका, तळ लागतो, डिंक तपकिरी होतो आणि पुढे प्रत्येक रंगात तो मळकटपणा उतरतो. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडातून गाळा, कारण डिंकात साल, माती, कधी मुंगीसुद्धा असते. गाळलेल्या पाकात दोन चहाचे चमचे मध आणि दोन थेंब लवंगेचं तेल घाला. मध ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे रंगाची वाळलेली वडी तडकत नाही आणि ओल्या कुंचल्याला लगेच रंग देते. लवंगेचं तेल बुरशी लांब ठेवतं. दातदुखीसाठी आणलेली बाटली असतेच घरात. मध नसेल तर मेडिकलमधलं ग्लिसरीन चालतं, पण अर्धा चमचाच. जास्त झालं तर रंग आठवडाभर ओलाच राहतो.

ही बाटली फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. आंबट वास आला की टाकून द्या, उकळून वाचवायच्या नादाला लागू नका.

गेरू आणि काव

गेरू किराण्यात किंवा पूजेच्या दुकानात मिळतो, कुंड्यांना आणि तुळशी वृंदावनाला लावतो तोच. गेरूत रंग असतो तो लोहाच्या ऑक्साइडचा. हजारो वर्षं उन्हापावसात पडून राहिलेली माती आहे ती. तिचं जे काही व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणूनच तिचा रंग उडत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे आणि पिवळे रंग याच जातीचे आहेत.

पण दुकानातल्या गेरूत वाळू असते. तसाच डिंकात कालवला तर कुंचल्याखाली किरकिर येते आणि कागदावर रेघोट्या उठतात. तो धुऊन घ्यायचा. १०० ग्रॅम गेरू एक लिटर पाण्यात ढवळा. ढवळणं थांबवून मनात साठ आकडे मोजा, तेवढ्यात जड वाळू तळाला बसते. वरचं लाल पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. तळाची वाळू कुंडीत टाका. दुसरं भांडं रात्रभर हलवू नका. गाळ बसत नसेल तर गढूळ पाण्यात फिरवतो तशी तुरटी दोन-तीन वेढे फिरवा. सकाळी वरचं पाणी काढून टाका, तळाचा लोण्यासारखा गाळ ताटलीत पसरून सावलीत वाळवा.

या वेळी वरच्या पाण्याकडे नीट बघा. ते गढूळ दिसलं तर हरकत नाही, बारीक माती अजून तरंगते आहे एवढंच. पण पाणी पारदर्शक आणि तरीही लाल किंवा गुलाबी असेल, तर त्या गेरूत कृत्रिम रंग मिसळलेला आहे. लोहाची माती पाण्यात विरघळत नाही. पाण्याला रंग चढला म्हणजे विरघळणारं काहीतरी आत आहे, आणि ते महिन्याभराच्या उजेडात उडून जाईल. असा गेरू कुंडीलाच लावा.

पिवळी काव, म्हणजे याच जातीची पिवळी माती, मिळाली तर भाग्य, तिला काही ठिकाणी रामरज म्हणतात. ती याच पद्धतीने धुवायची. आणि एका कावेतून दोन-तीन रंग निघतात, हे प्रत्येक चित्रकाराने एकदा तरी डोळ्यांनी बघावं. धुऊन वाळवलेली कोरडी काव, मोठा चमचाभर, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर पातळ पसरा. खिडक्या उघडा, मध्यम आच ठेवा आणि जुन्या चमच्याने हलवत राहा. आधी थोडी वाफ निघते. मग कडेची पूड मोहरीच्या रंगाची होते, मग भाजक्या विटेची, आणि तो रंग कडेकडून आत सरकत जातो. पिवळ्या कावेच्या कणात पाणी बांधलेलं असतं. ते साधारण २५०–३०० अंशांना बाहेर पडतं आणि उरतो तो गेरूतलाच तांबडा ऑक्साइड. मधेच आच बंद केली तर भगव्या-तपकिरी छटा मिळतात. इथे बहुतेकांची एक चूक होते. गरम पूड असते त्याहून बरीच गडद दिसते, म्हणून घाबरून लवकर उतरवली जाते, आणि गार झाल्यावर ती फिकी निघते. तव्यावर हव्या त्या रंगाच्या एक पायरी पुढे जाऊ द्या, मग उतरवा. एक सावधगिरी: लिंबासारखी भडक पिवळी पूड म्हणजे काव नव्हे. ती कशाची आहे हे माहीत नसतं, ती तव्यावर टाकूच नका.

काजळ आणि सॅनिटायझर

बाजारातल्या डबीतल्या काजळात तेल आणि मेण असतं, ते पाण्यात मिसळत नाही. काजळी घरीच धरायची. तेलाची निरांजन चालते, पण कापराची ज्योत सगळ्यात जास्त काजळी देते. ज्योतीच्या शेंड्याला जेमतेम टेकेल अशा उंचीवर स्टीलची ताटली दोन विटांवर उपडी ठेवा. उंच ठेवली तर काजळी हवेत जाते, फार खाली ठेवली तर ज्योत गुदमरते. पंखा बंद. गार झाल्यावर जाड कागदाच्या कडेने खरवडा, आणि तोंडाला मास्क लावा, कारण ही पूड श्वासानेही उडते.

खरी अडचण पुढे येते. काजळीवर डिंकाचं पाणी घातलं की ती त्यावर तरंगते, कितीही ढवळा, मिसळतच नाही. तिचा कण तेलकट असतो, पाण्याला शिवत नाही. टाळेबंदीत प्रत्येक उंबरठ्यावर असलेलं सॅनिटायझर इथे कामी येतं. पातळ, पाण्यासारखं सॅनिटायझर घ्या, जेल नको. पाच-सहा थेंब टाकून बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने चोळा. काजळी क्षणात ओली होऊन काळा लगदा होतो. आता दहा मिनिटं थांबा, अल्कोहोल उडून जाऊ द्या, आणि मगच डिंक घाला. घाई केली तर अल्कोहोलमुळे डिंकाचे धागे-धागे सुटतात, दूध नासावं तसा रंग नासतो, आणि तो परत सावरता येत नाही. हे काम दिवा विझवून, गॅसपासून लांब करायचं, हे वेगळं सांगायला नको.

घोटणं

पूड आणि डिंक नुसते कालवले म्हणजे रंग झाला असं नाही. प्रत्येक कणाभोवती डिंकाचा थर बसावा लागतो, त्यासाठी घोटावं लागतं. उरलेली एखादी गुळगुळीत फरशी आणि सपाट बुडाची जाड काचेची बाटली पुरते. पेल्याचं बूड बहुधा आत वळलेलं असतं, त्याने रंग फक्त इकडून तिकडे सरकतो. चहाचा एक चमचा गेरूला एक चमचा डिंक इथून सुरुवात करा. काजळीला त्याच मापाला जवळपास दुप्पट डिंक लागतो. आठाच्या आकारात पंधरा-वीस मिनिटं घोटा, अधूनमधून जुन्या कार्डाने रंग मधे ओढा. सुरुवातीला वाळूवरून चालल्यासारखा आवाज येतो. तो आवाज बंद होऊन बाटली लोण्यावरून सरकल्यासारखी वाटली की झालं. कानाने ओळखायची गोष्ट आहे ही.

वडी पाडण्याआधी कागदावर एक पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. पट्टा चकाकत असेल आणि कागद वाकवल्यावर तडे जात असतील तर डिंक जास्त झालाय, आणखी पूड घाला. गोळ्यांची रिकामी पाकिटं, बाटल्यांची झाकणं, यांत रंग भरा. एकदम काठोकाठ भरलात तर वाळताना वडी आक्रसते आणि मधोमध फाटते. तीन वेळा थोडा थोडा भरा, दर वेळी दीड-दोन दिवस सावलीत ठेवा. कोकणात किंवा मुंबईत जून लागला की मधाचं प्रमाण निम्मं करा, नाहीतर वडी हवेतलं पाणी ओढत राहते आणि चार दिवसांत पांढरी लव धरते.

हिरड्याची शाई

ही माझी सगळ्यात आवडती कृती. पोट बिघडलं की उगाळतो तो हिरडा. वीस ग्रॅम हिरडा जाडसर कुटून २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा, स्टीलच्या भांड्यात. लोखंडाची कढई घेतली तर तिथेच काळं होईल. गाळा. दुसऱ्या बाजूला काचेच्या बरणीत १०० मिली साधं पांढरं व्हिनेगर आणि मूठभर गंजके खिळे, किंवा भांडी घासायची साधी लोखंडी तार, आठवडाभर ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण आत वायू तयार होतो. बंद बरणीचं झाकण उडू शकतं.

आता पांढऱ्या वाटीत हिरड्याचा काढा तीन चमचे घ्या. तो मधाच्या रंगाचा असतो. त्यात लोखंडाचं पाणी थेंबभर टाका. थेंब पडतो तिथे जांभळट काळा धूर फुटावा तसा रंग पसरतो, आणि एक चमचा पूर्ण होईतो वाटी शाईने भरलेली असते. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह यांची ही गाठ. कलमकारीचा काळा रंगही याच ओळखीवर उभा आहे, तिथे व्हिनेगरऐवजी लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. अर्धा चमचा डिंक घाला, शाई कागदात फुटणार नाही.

कागदावर ओढलेली रेघ आधी राखाडी दिसते. तेवढ्यावर निराश होऊन लोखंडाचं पाणी वाढवू नका. हवा लागली की ती रेघ तासाभरात, मग दिवसाभरात काळी होत जाते. लोह जास्त झालं तर रेघ उलट तपकिरी होते आणि काळाच्या ओघात कागद खाते. जुन्या दस्तऐवजांना अक्षरांच्या जागी भोकं पडलेली दिसतात, त्यात या जातीच्या शाईचाच हात असतो. टाकाने किंवा बोरूने लिहा. फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, गाळ बसून पेन कायमचं जातं. चहाच्या चोथ्याचा दाट काढा हिरड्याऐवजी चालतो, पण ती शाई फिकी आणि तपकिरी. दुधाची तहान ताकावर.

जे रंग फसवतात

टाळेबंदीत बीट, पालक, जास्वंद, गोकर्ण यांच्या रसाने रंगवलेली चित्रं भरपूर दिसली. पहिल्या दिवशी ती खरंच सुंदर असतात. बिटाचा गुलाबी काही दिवसांत मळकट तपकिरी होतो, पालकाचा हिरवा शेवाळी होतो, गोकर्णाचा निळा राखाडी पडतो. जास्वंद आणि गोकर्णाचे रंग आम्लाला आणि अल्कलीला लगेच बदलतात, त्यामुळे कागद कोणता आहे यावरही छटा ठरते. मुलांसोबत खेळायला हे रंग छान आहेत. ज्या चित्रावर चार दिवस घालवायचे त्याला मी ते लावू देणार नाही.

हळदीचंही तेच, आणि ते सांगताना वाईट वाटतं, कारण तिच्याइतका उजळ पिवळा घरात दुसरा नाही. चुन्याचं बोट लागलं की ती लाल होते. कुंकू करण्यामागेही हळदीचा हाच गुण आहे. खिडकीच्या उजेडात ती काही आठवड्यांत पुसट होते. बंद वहीत मात्र बरीच टिकते.

याच्या अधलीमधली जागा कांद्याच्या सालीची. रोजची साल साठवा. ५० ग्रॅम कोरडी साल एक लिटर पाण्यात पाऊण तास उकळून गाळा. २५ ग्रॅम तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला. मग खायचा सोडा, साधारण १२ ग्रॅम, पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने. भांडं तिप्पट मोठं घ्या, फेस उसळतो आणि एकदम ओतला तर ओट्यावर वाहतो. तुरटी आणि सोडा एकमेकांना भेटले की तुरटीतलं ॲल्युमिनियम पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतं आणि बसताना सालीचा रंग सोबत घेऊन जातं. फेस यायचा थांबला की सोडाही थांबवा. जास्त सोडा झाला तर रंग तपकिरीकडे झुकतो. धुण्याचा सोडा वापरायचा असेल तर प्रमाणावर विसंबू नका. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, कोरड्या पुडीत ते नसतं, त्यामुळे एकाच वजनाचे दोन सोडे अगदी वेगळं वागतात. फेसावर लक्ष ठेवणं हेच खरं माप.

गाळ बसल्यावर वरचं पाणी ओता, साधं पाणी घाला, पुन्हा बसू द्या, असं तीन वेळा. हे टाळलं तर आत राहिलेलं मीठ वाळल्यावर रंगावर पांढरं फुलतं. कापडावर गाळून वाळवा, कुटा, घोटा. मोहरीच्या फुलांकडे झुकणारा सोनेरी रंग मिळतो. वहीत चांगला राहतो, भिंतीवर उन्हात नाही.

निळ्यासाठी कपड्यांची नीळ, पण फक्त पूड. पातळ नीळ बहुधा विरघळणारा रंग असते. पुडीचीही परीक्षा घ्या. चिमूटभर पुडीवर लिंबाचे चार थेंब पिळा. निळा विटून सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती अल्ट्रामरीन आहे, म्हणजे चित्रकाराच्या कामाची, उजेडाला पक्की. मात्र तिला व्हिनेगर आणि लिंबू यांच्यापासून कायमचं दूर ठेवायचं, आणि वरच्या शाईपासूनही, कारण ती शाई आंबट असते.

कागद, पुठ्ठा, कुंचला

वहीचा साधा कागद रंग पिऊन टाकतो. पाच ग्रॅम साबुदाणा २०० मिली पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, आणि साडीला लावतो त्यापेक्षा पातळ खळ रुंद ब्रशने कागदाच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावली तर कागद पन्हाळीसारखा वळतो. गुळगुळीत कॅलेंडरच्या पाठीवर जलरंग सरकतो, तिथे हिरड्याच्या शाईने रेखाटन करा.

किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा ही तर भिंतच समजा. त्यावर डिंकात कालवलेल्या गेरूचे दोन हात द्या, पाठीवर एक. वर पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी दोन चमचे, डिंक एक चमचा आणि गंधासारखं होईल इतकं पाणी. पालघरच्या वारली घरांत लग्नाचा चौक असाच, गेरूच्या नाहीतर शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्याने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने लिहितात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगाच्या आणि काडीच्या जोरावर. पिठी ओली असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरी उठते. म्हणून रेघ दिसत नाही म्हणून तीच पुन्हा गिरवत बसू नका, जाड थर पोपडा होऊन सुटतो. उन्हाळ्यात ही पिठी संध्याकाळपर्यंत आंबते, रोज ताजी करा.

घरी कापलेल्या केसांचा कुंचला करून बघायचा मोह होतो. तो चालत नाही. कुंचल्याला अणी येते ती केसाच्या नैसर्गिक निमुळत्या टोकामुळे, आणि कात्रीने कापलेल्या केसाला ते टोक नसतं. बाळाच्या जावळाला असतं. चीनमध्ये त्याचे कुंचले आठवण म्हणून करून घेतात. आपण झाडूची काडी किंवा बांबूची काडी अर्धा तास भिजवून टोक ठेचावं.

या पाच रंगांत काय काढायचं

गेरू, काव, भाजलेली काव, काजळी आणि शाई. यात निळा नाही, आणि तरीही खिडकीबाहेरचं आकाश काढता येतं. काजळीचा पातळ राखाडी हात पांढऱ्या कागदावर द्या आणि त्याला लागून गेरूची गच्ची काढा. राखाडी निळसर दिसायला लागतो. शेजारी ऊबदार लाल असला की डोळा तटस्थ राखाडीला थंड समजतो. काजळीच्या अंगातही मुळात किंचित निळी झाक असते. आता गच्चीचा गेरू बोटाने झाका, राखाडी पुन्हा मळकट. ही एक गोष्ट हाताला कळली की नसलेल्या रंगांची यादी करत बसायची गरज उरत नाही.

विषय शोधायला बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून तोच कोपरा दिवसातून तीनदा काढणं मला सगळ्यात फलदायी वाटतं. एक पान आठ चौकोनांत दुमडा. ओट्यावरची कढई आणि तिच्यामागची भिंत सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी साडेपाचला, प्रत्येकी वीस मिनिटं. घड्याळ लावा आणि वेळ झाली की थांबा. सकाळी सावली लांब आणि कडा मऊ, बाराला सावली भांड्याखाली दडते आणि फक्त कड उजळते, संध्याकाळी भिंतच कढईपेक्षा जास्त तापलेली दिसते. आठवड्यानंतर भरलेली पानं शेजारी ठेवली की आपण भांडं काढत होतो की उजेड, ते दिसतं. झोपलेली माणसंही उत्तम विषय. पोज देत नाहीत, तक्रार करत नाहीत, आणि कूस बदलेपर्यंतच वेळ देतात, त्यामुळे रेघ नेमकी होते.

चित्राचा फोटो काढून पाठवायचा असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ कागद सपाट ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली काव हिरवट येते.

प्रत्येक रंगाची चिठ्ठी ठेवा: कोणती पूड, किती डिंक, किती मध, तारीख. दोन महिन्यांनी तोच गेरू पुन्हा जमवायचा असतो तेव्हा आठवणीवर भागत नाही.

आणि चिठ्ठीसोबत एक पट्टी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सगळ्या रंगांचे आडवे पट्टे ओढा, अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका, आणि जास्तीत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. पाठीमागे लावल्याची तारीख लिहा. आठ आठवडे हात लावायचा नाही. मग काळा कागद सोडवा आणि झाकलेला भाग उघड्या भागाशी जुळवून बघा. गेरू, काव आणि काजळी यांच्या पट्ट्यांत झाकण कुठे संपत होतं ते सापडणार नाही. कांद्याच्या पट्ट्यात ती सीमा दिसेल. हळदीच्या पट्ट्याचा उघडा भाग बहुतेक नुसता कागद असेल.